मोबाईलवाले मेश्राम पुण्यात

आमच्या भंडाऱ्यात ज्येष्ठ नागरिक मंडळाची बैठक रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भरते. तिथे माझी ओळख 'मोबाईलवाले मेश्राम' अशी आहे. ही पदवी मला कोणी दिली नाही, मीच हळूहळू घेतली. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि निरीक्षण करायला काही उरलं नाही, म्हणून फोनचं सुरू केलं. कोणाला विजेचं बिल भरायचं असतं, कोणाला हयातीचा दाखला पाठवायचा असतो, कोणाला नातवाचे फोटो उघडत नसतात. सगळे चष्मा कपाळावर चढवून माझ्यासमोर फोन धरतात. गेल्या वर्षी मी मंडळात 'दैनंदिन जीवनात उपयोगी ॲप' या विषयावर भाषणही दिलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या डोक्यात घेऊनच मी पुण्याला गेलो, आणि तिथे माझं जे झालं ते मंडळातल्या मित्रांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं, म्हणून हे लिहितो आहे.

जाण्याचं कारण साधं होतं. आमचा मुलगा निखिल पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने शहराच्या कडेला, मांजरी गावात फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांपासून आमच्या मागे लागला होता की भंडारा सोडा, इकडे या. मी तयार होतो. नुसता तयार नाही, उतावीळ होतो. अडायची ती माझी पत्नी सुशीला. तिने उभं आयुष्य अंगणवाडीत काढलेलं. ती म्हणायची, "तिथे मी काय करू? भिंती पाहू?" शेवटी निखिलनेच मार्ग काढला. त्याला आठवडाभर बंगळूरला जायचं होतं. "तेवढे दिवस तुम्ही दोघं माझ्या घरी राहून बघा," तो म्हणाला. "एकटे. मी आलो की बसून ठरवू."

मला वाटलं, ही परीक्षा तर मी भाषण देऊन आधीच पास झालो आहे.

मांजरी

मांजरीला निम्मा ऊस आहे आणि निम्म्या इमारती. निखिलच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका बाजूला उसाचे फड दिसतात, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांच्या गॅलऱ्या. निघण्याआधी त्याने माझ्या फोनमध्ये पुण्यात लागणारी सगळी ॲप टाकून दिली: किराण्याचं, रिक्षाचं, मेट्रोचं, नकाशाचं, आणि सोसायटीच्या गेटचं. सुशीलाच्या फोनमध्येही दोन-तीन टाकली. "एकमेकांचं लोकेशन चालू ठेवलंय," तो म्हणाला. "हरवलात तर सापडाल." मी त्याला म्हटलं, तुझ्या आईसाठी ठीक आहे.

गेटच्या ॲपचं असं असतं की सोसायटीत कोणी अनोळखी आलं, तर वॉचमन त्याचा फोटो काढून घरच्या माणसाच्या फोनवर पाठवतो. हिरवं बटण दाबलं की माणूस आत, लाल दाबलं की बाहेर. आमच्याकडे पाहुणा थेट स्वयंपाकघरात येतो आणि भाजीत काय आहे ते झाकण उघडून बघतो. त्यामुळे हे मला फार सुधारलेलं वाटलं.

पहिल्याच दिवशी सुशीला भाजीवाला कुठे बसतो ते बघायला बाहेर गेली. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. पडद्यावर फोटो: डोक्यावरून स्कार्फ गुंडाळलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली कोणी बाई, हातात पिशवी. निखिलने बजावलं होतं की विकायला येणाऱ्यांना आत घेऊ नका. मी बाणेदारपणे लाल बटण दाबलं.

पुढचं मला नंतर कळलं. गेटवरचा वॉचमन लातूरकडचा, सज्जन माणूस. तो सुशीलाला म्हणाला, "काकू, वरून नकार आलाय."

"कोणाचा?"

"तुमच्याच फ्लॅटमधून. कुणी तरी काका आहेत."

मग मला थेट खालून हाक ऐकू आली. "अहोऽऽ! मी हाय मी!" अंगणवाडीतल्या पोरांना मैदानाच्या पलीकडून बोलवायचा तो आवाज. सात मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. मी खाली धावलो. ती पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "लग्नाच्या वेळी तरी फोटो पाहूनच हो म्हटलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी मी किराणा मागवला. निखिल म्हणाला होता की दहा मिनिटांत येतो. मी मेथीच्या जुड्या, मुरमुरे, हिरव्या मिरच्या असं सगळं टाकलं आणि घड्याळ लावून दारात उभा राहिलो. ॲपवर 'पोहोचवलं' असं आलं. दारात कोणी नाही. जिन्यात बघितलं, लिफ्टमध्ये बघितलं. तेवढ्यात बंगळूरहून निखिलचा फोन.

"बाबा, माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनला मेथी का पाठवली?"

खातं त्याचं होतं आणि त्यात दोन पत्ते होते. मी वरचा निवडला होता. खातं त्याचं असल्यामुळे माझी प्रत्येक करामत त्याला तिकडे बसल्या बसल्या कळत होती, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे परीक्षाही चालू होती आणि परीक्षकही जागा होता.

"तिथल्या मुलीला ठेवून घे म्हणावं," मी म्हटलं.

"ती विचारतेय, निवडून ठेवू का."

सुशीलाने तोवर खाली जाऊन भाजीवाल्याकडून मेथी आणली होती. सोबत दोन बायकांची ओळख आणि वॉचमनच्या बायकोला सातवा महिना चालू असल्याची बातमी.

शनिवार पेठ

सुशीलाचं पहिल्या दिवसापासून एकच मागणं होतं, खडकीला विमलकडे जाऊ. विमल ही तिची जुनी मैत्रीण. विमलचा नवरा भंडाऱ्याच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, तिथून खडकीच्या कारखान्यात गेला आणि ते कुटुंब इकडेच राहिलं. आता तो नाही. विमल मुलासोबत राहते. मी रोज म्हणत होतो, "जाऊ. आधी मार्ग नीट आखू." तोवर मला माझं काम उरकायचं होतं. आमच्या खात्यातले एक इंजिनिअर, जोशीसाहेब, काही वर्षं भंडाऱ्याला होते. ते शनिवार पेठेत राहतात. त्यांना मला भेटायचं होतं, आणि खरं सांगायचं तर फोनवर पत्ता शोधत त्यांच्या दारात उभं राहून दाखवायचं होतं.

रिक्षा ॲपवरून बोलावली. रिक्षावाल्याचा फोन आला, "काका, मी गेटवर हाय."

"मीही गेटवरच आहे."

"कंच्या?"

सोसायटीला दोन गेट आहेत हे मला तेव्हा समजलं. मी तिकडे गेलो तोवर तो इकडे आला होता. शेवटी सुशीलाने वॉचमनला शिट्टी वाजवायला सांगितली आणि आम्ही एका जागी जमलो.

शनिवार पेठेच्या तोंडाशी उतरून मी नकाशाचा आवाज मोठा केला. पेठेतल्या गल्ल्या आमच्या शेतातल्या पाटचाऱ्यांसारख्या आहेत. एकीतून दुसरी निघते आणि पाणी कुठे जाईल ते पाणीच जाणे. फोनमधली बाई डावीकडे म्हणाली, उजवीकडे म्हणाली, आणि एका भिंतीसमोर आणून प्रसन्न आवाजात म्हणाली, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

शेजारी सुतळीचं आणि पिशव्यांचं दुकान होतं. मालक पेपर वाचत होते.

"अहो, जोशींचं घर शोधून राहिलो," मी म्हटलं.

त्यांनी पेपर खाली केला नाही. "राहिलात, की शोधलंत?"

"म्हणजे शोधतो आहे."

"ती बाई तर म्हणते आहे पोहोचलात. मग आम्हाला कशाला विचारता?"

मी ओशाळून हसलो. सुशीला पुढे झाली. "दादा, आम्ही भंडाऱ्याहून आलो जी. इंजिनिअर होते ते जोशी."

पेपर खाली आला. "असं सांगा ना. मागच्या गल्लीतून या, निळं फाटक. आणि बेल एकदाच वाजवा, त्यांना आवडत नाही."

मी एकदाच वाजवली.

जोशीसाहेब होते तसेच आहेत, ताठ आणि कमी बोलणारे. त्यांनी आपल्या हाताने पोहे केले. पुण्याच्या पोह्यात साखर आणि खोबरं असतं. आमच्याकडे पोह्यांवर चण्याचा झणझणीत तर्रीदार रस्सा नसला तर त्याला आम्ही आजाऱ्याचं जेवण म्हणतो. पण साहेबांनी केलेले, म्हणून मी दोनदा घेतले. मग कालवे निघाले, पाणीवाटप निघालं, कालव्याच्या कोणत्या दारावर कोणी भांडण केलं होतं ते निघालं. सुशीला मध्येच उठून काही तरी बोलली. मी "हो हो" म्हटलं. ती गेली.

बऱ्याच वेळाने मला आठवलं की ती खाली गेली आहे. पण काळजी वाटण्याऐवजी मला प्रात्यक्षिकाची संधी दिसली. "साहेब, आता गंमत बघा," मी फोन काढला. "आमची बायको या क्षणी कुठे आहे, हे मी इथे बसून सांगतो."

नकाशावर तिच्या फोटोचा छोटा गोल दिसला. तो शनिवार पेठेत नव्हता. तो शिवाजीनगरच्या पुढे होता आणि सरकत होता.

जोशीसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "वहिनी वेगात आहेत," ते म्हणाले.

सुशीला एकटी कधी शेजारच्या तुमसरलाही गेली नाही. म्हणजे हा गोल सुशीला नाही. फोन चोरीला गेला, चोर तो घेऊन पळतो आहे, आणि सुशीला या अनोळखी पेठेत कुठे तरी रडत उभी आहे. मी चपला घातल्या न घातल्या आणि जिना उतरलो. साहेब मागून काही तरी म्हणत होते. कोपऱ्यावर पोलीस चौकी होती. आत हवालदार चहा पीत बसले होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"साहेब, हा बघा चोर! आत्ता इथे आहे! पुढे सरकून राहिला!"

त्यांनी शांतपणे बघितलं. "मेट्रोत दिसतोय."

"हो! तुम्ही पुढच्या स्टेशनवर कळवा!"

"कळवू. फोन कुणाचा?"

"पत्नीचा."

"त्यावर फोन लावून बघितला का?"

मी भाषणात या यंत्राचे अनेक उपयोग सांगितले होते. तो एक सांगायचा राहिला होता. मी नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला आवाज आला.

"हां, बोला जी."

"सुशीला? तू... तुझा फोन तुझ्याजवळ आहे?"

"मग बोलून कोण राहिलं? मी खडकीले विमलकडे जाऊन राहिली. तुम्हाला सांगून तर निघाली. हो हो म्हणाले ना तुम्ही? जेवायले याचं असन तर या, विमलने वडे काढले."

हवालदारांनी चहाचा दुसरा कप माझ्याकडे सरकवला. दारात जोशीसाहेब उभे होते, एक हात कठड्यावर. "मी जिन्यात हेच सांगत होतो," ते म्हणाले. "आपण ऐकून घेतलं नाहीत."

खडकी

कसब्याच्या मेट्रो स्टेशनवरून मी खडकीला गेलो. फोनवर तिकीट काढायचा प्रयत्न केला नाही. खिडकीवर काढलं.

खडकीत शिरल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या भंडाऱ्याच्या कारखान्याच्या वसाहतीसारखेच सरळ रस्ते, जुनी झाडं, चुन्याने रंगवलेले बुंधे, आणि कामाची पाळी सुटल्यावर सायकली-स्कूटरची एकदम उसळणारी गर्दी. विमलचं घर विचारायला लागलं नाही. लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास ओळखून मी जिना चढलो. पुण्यात तो वास दुसऱ्या कोणाच्या घरातून येणार नाही.

सुशीला पाय पसरून जमिनीवर बसली होती. तिने कसं यायचं ते शोधलं कसं, असं मी विचारलं. "फोनले विचारलं," ती म्हणाली. "तो माईक दाबला आणि म्हटलं, बापा, खडकीले कसं जाचं? त्याने सांगितलं. स्टेशनवर एक कॉलेजची पोरगी भेटली, तिने कार्ड लावून दाखवलं. तिची आई आजारी हाय. मी तिले ओव्याचा शेक सांगितला."

मी फोनशी कधी मराठीत बोललो नव्हतो. मी त्याच्याशी साहेबाशी बोलावं तसं इंग्रजीत टाईप करत होतो, तेही चुकीच्या स्पेलिंगने.

विमलताईंनी ताट वाढलं. वडे, वांग्यात टाकलेले सुके झिंगे, आणि गरम भात. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्या जवळच्या बुद्धविहारात रविवारी लहान मुलांचा वर्ग घेतात. कारखान्यातल्या लोकांची मुलं, नागपूर-अमरावतीकडून आलेल्यांची, काही नुकतीच आलेली, ज्यांचे आईबाप दोघंही कामावर जातात. गाणी, गोष्टी, थोडं वाचन. "पण मले आता आवाज पुरत नाही," त्या म्हणाल्या. "सुशीला, तू ये ना या रविवारी."

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "येते."

परतताना मी तिला रागवायचं ठरवलं होतं. मेट्रो बदलल्यावर पूल आला, खाली नदी दिसली. मी म्हटलं, "मला किती भीती वाटली माहीत आहे?"

"मले नाही वाटली," ती म्हणाली. आणि मग, जणू तिलाच नवल वाटलं असावं, पुन्हा म्हणाली, "खरंच नाही वाटली."

कालव्यावर

त्यानंतर दोन दिवस मला करायला काही राहिलं नाही. सुशीला खालच्या बायकांसोबत जायची. वॉचमनच्या बायकोला काय खावं ते सांगायला जायची. मी सोफ्यावर बसून ॲप उघडायचो आणि मिटायचो. लिफ्टमध्ये एका गृहस्थांना मी विचारलं, तुम्हाला विजेचं बिल फोनवर भरता येतं का? मदत हवी असेल तर सांगा. ते हसून म्हणाले, "काका, ते आपोआप जातं."

एका सकाळी मी फोन घरीच ठेवून निघालो. उसाच्या बाजूने चालत गेलो तर पुढे कालवा लागला. मोठा, भरून वाहणारा. एक शेतकरी मोटरसायकल लावून पाण्याकडे बघत उभा होता. मी सवयीने विचारलं, "पाण्याची पाळी कधी सुटली?"

"परवा." त्याने मला न्याहाळलं. "खात्यातले हाय का?"

"होतो. भंडाऱ्याकडे."

"मग बसा की."

आम्ही काठावर बसलो. त्याच्या जमिनीच्या निम्म्या भागावर आता इमारत उभी आहे, बहुधा आमचीच. त्याने ते कोणाला दोष न देता सांगितलं. मी त्याला आमच्या धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं, सांगितलं. पाणी बघत बसलो असताना माझ्या मनात एक गोष्ट आली, जी मला आवडली नाही. भंडाऱ्यात लोक माझ्याकडे येतात, कारण त्यांना फोन वापरता येत नाही. इथे सगळ्यांना येतो. मला पुण्याची हौस होती ती सोयींची. पण सोयी असलेल्या गावात मोबाईलवाल्या मेश्रामचं काम काय? दोन वर्षं मी सुशीलाला सांगत होतो की तिथे तुझं मन रमेल. स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आलो तर फोनवर निखिलचे तीन मिस्ड कॉल. घाबरून त्याने आईला फोन केला होता. आईने सांगितलं होतं, "पाणी पाहायले गेले असतील. येतात."

रविवार

रविवारी आम्ही दोघं खडकीला गेलो. विहाराच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस मुलं होती आणि कोणीही कोणाचं ऐकत नव्हतं. मुलांची भाषाही अजब. एक मुलगी म्हणाली, "टीचर, ये मुझे धक्का देतोय." सुशीला मध्ये जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता टाळ्या वाजवू लागली. एक ताल. मग दुसरा. पुढची मुलं वाजवू लागली, मग मागची. हॉल शांत झाल्यावर तिने गाणं म्हटलं. बदकाचं होतं, कोणाचं लिहिलेलं नाही, तिनेच कधी तरी अंगणवाडीत जुळवलेलं. मुलांनी बदकासारखं चालत हॉलला फेरा घातला.

मी मागे खुर्चीत बसलो होतो. निवृत्तीनंतर तिला असं बघितलं नव्हतं. खरं म्हणजे त्याआधीही नाही. ती काम करायची तेव्हा मी माझ्या कालव्यावर असायचो.

त्याच संध्याकाळी निखिल आला. जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "मग? काय ठरलं?"

मी घसा साफ केला. आईला इथे करमणार नाही, आपण तिच्यावर जबरदस्ती करू नये, असं बोलायची मी तयारी केली होती. आपल्याला जायचं नसलं की बायकोचं मन पुढे करायचं, ही युक्ती मला चांगली जमते.

"मी राहते," सुशीला म्हणाली.

निखिलने चमकून माझ्याकडे पाहिलं. "आणि बाबा?"

"त्यांचं त्यांना विचार. त्यांचं मन नाही लागून राहिलं इथे. परवाच कळलं मले." ती उठून ताटं गोळा करू लागली. "जाऊ दे त्यांना भंडाऱ्याले. सावकाश येतील. मले पुढच्या रविवारी चित्रं काढायची हायेत."

परतीची दोन तिकिटं होती. त्यातलं एक रद्द करावं लागलं. निखिल म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, राहू दे, मला येतं. ते मात्र बरोबर जमलं.

पुणे स्टेशनवर ती सोडायला आली. मी तिला सूचना देत होतो: रिक्षा कोणत्या गेटला बोलवायची, पत्ता कोणता निवडायचा. ती ऐकत होती. गाडी हलली तसा तिने खिडकीतून हात आत घातला आणि माझा शर्ट सारखा केला.

आता मी भंडाऱ्यात आहे. पाळीवरची बैठक चालू आहे. मित्र विचारतात, वहिनी कधी परत येणार? मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, लवकरच. मग सांगितलं, बघू. काल खरं सांगितलं, ती तिथेच राहणार. नोकरीत माझ्या सहा ठिकाणी बदल्या झाल्या. दर वेळी मी ऑर्डर घेऊन घरी यायचो आणि ती एक शब्द न बोलता भांडी पेपरात गुंडाळायला घ्यायची. प्रत्येक गावात तिने नवी अंगणवाडी शोधली, नव्या शेजारणी केल्या. नवं गाव आवडलं का, असं मी विचारल्याचं मला आठवत नाही. या वेळी बदली तिची झाली आहे.

आज सकाळपासून मी भांडी गुंडाळतो आहे. एक कढई कशातच मावत नाही. ती कशी बसवायची ते सुशीलाला फोन करून विचारलं, तर म्हणाली, "थांबा जी, पोरं आली हायेत. मग सांगते."

मी थांबलो आहे.